काळी, खंड्या आणि घरातला मोती

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागले की तिलवारा घाटाशी नर्मदा आडवी येते. इथून थोड्याच अंतरावर तेवर नावाचे गाव आहे. आज ते साधेसुधे खेडे दिसते, पण हजार वर्षांपूर्वी ही कलचुरी राजांची त्रिपुरी होती. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी नागपुरात बसून या घराण्याचे शिलालेख वाचले, लावले आणि 1955 साली त्यांचा संग्रह ग्रंथरूपाने आणला. त्रिपुरीच्या सोयरिकी दूरवर पसरल्या होत्या, आणि त्यांतल्याच एका धाग्याने आपण एका कुत्रीपर्यंत पोहोचतो. सांभाळलेला जीव गेला की माणूस काय करतो, हा प्रश्न घेऊन या वाटेने निघालो, तर पहिला मुक्काम तिथेच पडतो.

त्रिपुरीची राजकन्या कुंदकदेवी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष तिसरा याला दिली होती. त्याचा मुलगा कृष्ण तिसरा याने 949 साली तक्कोलमच्या रणात चोळांचा पराभव केला. त्या लढाईत कृष्णाच्या बाजूने लढलेला गंग राजा बूतुग आपल्या मणलर नावाच्या शूर सरदारावर प्रसन्न झाला आणि ‘काय हवे ते माग’ म्हणाला. मणलराने राजाची ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघेही मेले. मणलराने कर्नाटकातल्या आतकूर गावी, देवळासमोर, तिच्या नावाने शिळा उभारली आणि पूजेसाठी जमीन लावून दिली. पूजा केल्यावाचून तिथल्या ‘गोरवा’ने जेवू नये, असा दंडकही घातला. हा गोरव आपल्याकडच्या गुरवाची आठवण करून देतो. एका कुत्रीसाठी माणसाचा घास अडवून धरणारी ही शिळा पुढे बंगळुरूच्या संग्रहालयात गेली. झुंजणारी ती दोन जनावरे तिच्यावर कोरलेली आहेत.

यानंतर आपण जवळजवळ आठशे वर्षे ओलांडून साताऱ्यास येतो. छत्रपती शाहू सात वर्षांचे असताना, 1689 साली, मोगलांच्या हाती पडले. अठरा वर्षांच्या कैदेनंतर 1707 साली त्यांची सुटका झाली, तेव्हा नर्मदा ओलांडूनच ते स्वराज्यात परतले. शिकारीचा आणि जनावरांचा त्यांना मोठा नाद होता. एका शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचला तो कुत्र्यामुळे. लोक या कुत्र्याला ‘खंड्या’ म्हणून ओळखतात. शाहूंनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. एकदा तर भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्यानंतर स्वतः कधी पगडी घातली नाही. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने हा प्रसंग आपल्या 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवला. साहेबाला त्यात राजाची लहर दिसली. साताऱ्याकडच्या माणसाला अजूनही त्यात उपकाराची जाण दिसते. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर, माहुलीस, शाहूंच्या समाधीच्या परिसरातच खंड्याचीही समाधी आहे.

काळी आणि खंड्या या दोघांना धनी होता. ज्याला धनी नाही, त्याचे काय, हा प्रश्न शहरे वाढू लागली तेव्हा पुढे आला. मुंबईत कंपनी सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीसही ठेवले होते. पारशी समाजात मृतदेहाला कुत्र्याचे दर्शन घडवण्याचा ‘सगदीद’ हा विधी आहे. त्यांच्या लेखी कुत्रा पवित्र. 1832 च्या जूनमध्ये या हुकमाविरुद्ध मुंबईत दंगल उसळली. दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभॉय आणि व्यापारी मंडळींनी पांजरापोळ उभी केली. निराधार जनावर पोसणे हे आता साऱ्या समाजाचे काम ठरले. हीच परंपरा आज तिलवाऱ्यालाही भेटते. इथली दयोदय तीर्थ गोशाळा ज्या आचार्य विद्यासागरांच्या प्रेरणेशी जोडलेली आहे, ते बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, म्हणजे आपल्या सीमाभागातले.

या वाटेवरचे सर्वांत अवघड वळण गांधीजींचे. 1926 साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ मोकाट कुत्री मारवली आणि देशभर वाद पेटला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहिली. तिचा मथितार्थ असा, की रस्त्यावर भाकरतुकडा टाकून पुण्य मिळत नाही. दया करायची असेल तर जनावराचे धनीपण घ्यावे. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. बरे होण्याची आशा उरली नाही, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरकडून सुई देववून त्याची सुटका केली. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्याच गांधीजींच्या अस्थी 12 फेब्रुवारी 1948 रोजी तिलवारा घाटावर नर्मदेत सोडल्या गेल्या. त्याच वर्षी जुलैत जबलपुरात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. मुंबईत असे महाविद्यालय 1886 सालीच, म्हणजे पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस माणसाला पहिल्यांदा टोचली त्याच्या पुढच्याच वर्षी निघाले होते. जबलपूरच्या या महाविद्यालयाभोवती 2009 साली विद्यापीठ उभे राहिले. त्याला नाव आहे नानाजी देशमुखांचे, हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या मराठी माणसाचे.

आता आपण आजच्या घरात येतो. इथला मोती रानडुकराशी झुंजलेला नसतो, त्याने वाघापासून कोणाला वाचवलेले नसते. पाऊल जिन्यावर वाजले की तो दाराशी येतो, आजीच्या खुर्चीपाशी झोपतो, फटाके वाजले की पलंगाखाली शिरतो. स्मारक मिळवायला पूर्वी पराक्रम लागत असे. आज नुसती सोबत पुरते. हा बदल मला या साऱ्या प्रवासात सर्वांत मोठा वाटतो. पण सोबत जितकी जवळची झाली, तितके दुःखही घरात शिरले. काळीसाठी शिळा होती, खंड्यासाठी समाधी. मोतीसाठी ना सुतक, ना कचेरीतून रजा. शेजारी म्हणतात, ‘दुसरा आणा.’ आणि आश्रमातल्या वासराच्या वेळी ज्या निर्णयावरून देश भांडला, तोच निर्णय आता दवाखान्याच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या साध्या कुटुंबाला पाच मिनिटांत घ्यावा लागतो. तेव्हा पिल्लू घरी आणणाऱ्याने धनीपणाचा अर्थ आधीच समजून घ्यावा. त्यात लस आली, म्हातारपण आले आणि तो शेवटचा निर्णयही आला. कुत्रा साधारण बारा-तेरा वर्षे जगतो. त्यापुढची वर्षे त्याच्यावाचून आपल्याला काढायची असतात.