इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही ऊतींच्या नमुन्यातील विशिष्ट प्रथिने प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवून दाखवणारी प्रयोगशाळेतील एक तपासणी आहे. ती आयएचसी या संक्षिप्त नावानेही ओळखली जाते. अपसामान्य पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत, त्यांचा उगम कोणत्या अवयवात झाला असावा आणि त्यांच्यावर कोणते औषध उपयोगी पडू शकेल, हे ठरवण्यासाठी कर्करोगाच्या निदानात तिचा मोठा वापर होतो. मात्र रंग दिसणे म्हणजे कर्करोग सिद्ध होणे नव्हे. ते प्रथिन त्या जागी आहे, एवढेच रंगावरून कळते. त्याचा अर्थ पेशींची रचना व इतर तपासण्या यांच्या संदर्भात लावावा लागतो.

तत्त्व

प्रतिपिंड हे ठराविक प्रतिजनाशीच जोडले जाणारे प्रथिन असते. प्राथमिक प्रतिपिंड ऊतीतील अपेक्षित प्रथिनाला चिकटतो. त्यानंतर विकर जोडलेला दुय्यम प्रतिपिंड प्राथमिक प्रतिपिंडाला चिकटतो. या विकराच्या क्रियेमुळे रंगहीन द्रव्यापासून रंगीत साका तयार होतो. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे विकर आणि डायअमिनोबेन्झिडीन हे द्रव्य वापरल्यास तपकिरी रंग मिळतो. पार्श्वभूमीसाठी केंद्रके हिमॅटॉक्सिलिनने निळी रंगवतात.

इतिहास

अमेरिकन वैद्यक अल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये अतिनील प्रकाशात चमकणारे रंजकद्रव्य प्रतिपिंडाला जोडून दाखवले. पुढे त्यांनी न्यूमोकॉकस जिवाणूचा प्रतिजन ऊतींमध्ये याच मार्गाने शोधला. १९६० च्या दशकात नाकाने व पियर्स यांनी रंजकद्रव्याऐवजी विकर जोडण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करणे शक्य झाले. १९७५ मध्ये जॉर्ज केलर व सेझार मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याचे तंत्र मांडले. या कार्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासह मिळाले. फॉर्मॅलिनमुळे झाकले गेलेले प्रतिजन उष्णतेने पुन्हा उघडे करण्याची पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेले जुने नमुनेही अधिक खात्रीने तपासता येऊ लागले.

कार्यपद्धती

बायोप्सीने किंवा शस्त्रक्रियेने काढलेली ऊती फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून पॅराफिन मेणात बसवतात. त्या ठोकळ्याचे सुमारे ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे काप काचपट्टीवर घेतात. मेण काढल्यावर काप योग्य द्रावणात तापवून प्रतिजन उघडे करतात. ऊतीत मुळातच असलेल्या पेरॉक्सिडेजमुळे खोटा रंग येऊ नये, म्हणून ते हायड्रोजन पेरॉक्साइडने निष्क्रिय करतात. त्यानंतर क्रमाने प्राथमिक प्रतिपिंड, दुय्यम प्रतिपिंड व रंगद्रव्य वापरतात. प्रत्येक वेळी ते प्रथिन निश्चितपणे असलेली एक ऊती तुलनेसाठी सोबत रंगवली जाते. तिच्यात रंग न आल्यास रुग्णाच्या नमुन्याचा निष्कर्ष ग्राह्य धरत नाहीत.

निदानातील उपयोग

काही अर्बुदांतील पेशी मूळ रूप इतके गमावून बसतात की नेहमीच्या रंजनाने त्यांचा प्रकार ओळखता येत नाही. अशा वेळी विकृतिशास्त्रज्ञ अनेक प्रतिपिंडांचा संच वापरतात. सायटोकेराटिन आढळल्यास आवरण ऊतीपासून झालेल्या कार्सिनोमाकडे, सीडी४५ आढळल्यास लिम्फोमाकडे, तर एस१०० व एसओएक्स१० आढळल्यास मेलॅनोमाकडे निर्देश होतो. या तिन्ही रोगांचे उपचार वेगळे असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो. कोणताही एक प्रतिपिंड पुरेसा नसतो. उदाहरणार्थ, एस१०० हे प्रथिन चेतातंतूंभोवतीच्या निरोगी पेशींतही आढळते, तर काही लिम्फोमांमध्ये सीडी४५ आढळत नाही.

कधी कधी रंगाचा अभावच निर्णायक असतो. पुरःस्थ ग्रंथीतील निरोगी नलिकांभोवती तळपेशींचा थर असतो आणि त्यांच्या केंद्रकांत पी६३ हे प्रथिन दिसते. नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात हा थर नाहीसा होतो. म्हणून संशयास्पद नलिकांभोवती पी६३ न दिसणे कर्करोगाच्या निदानाला बळकटी देते.

उपचारांशी संबंध

स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन ग्राही, प्रोजेस्टेरॉन ग्राही व एचईआर-२ यांची तपासणी नियमित केली जाते. अर्बुदाच्या किमान १ टक्का पेशींच्या केंद्रकांत इस्ट्रोजेन ग्राही दिसल्यास निष्कर्ष धन मानतात व संप्रेरकरोधक उपचारांचा विचार होतो. १ ते १० टक्के हा गट ‘अल्प धन’ म्हणून वेगळा नोंदवतात. एचईआर-२ पेशीपटलावर दिसते आणि त्याची नोंद ०, १+, २+ व ३+ अशी करतात. ३+ म्हणजे धन निष्कर्ष. अशा रुग्णांसाठी ट्रास्टुझुमॅबसारखी औषधे उपलब्ध आहेत. २+ हा निष्कर्ष अनिश्चित असल्याने जनुकाच्या प्रतींची संख्या स्वतंत्र तपासणीने पाहावी लागते.

मर्यादा

निष्कर्षाची विश्वासार्हता नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच ठरू लागते. स्तनाच्या कर्करोगाचे नमुने काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये ठेवावेत आणि ६ ते ७२ तास स्थिर करावेत, अशी शिफारस आहे. विलंब झाल्यास किंवा ऊती नीट स्थिर न झाल्यास प्रथिने नष्ट होऊन निष्कर्ष खोटा ऋण येऊ शकतो आणि रुग्ण उपयुक्त औषधाला मुकू शकतो. याउलट मृत पेशींच्या भागात व कापाच्या कडांवर रंग अकारण साचल्यास निष्कर्ष खोटा धन वाटू शकतो. रंगाची तीव्रता ठरवताना दोन तज्ज्ञांत मतभेदही संभवतात. म्हणून अहवाल देताना विकृतिशास्त्रज्ञ नेहमीच्या रंजनातील पेशीरचना, रुग्णाची लक्षणे व प्रतिमा-तपासण्या यांच्याशी हा निष्कर्ष ताडून पाहतात.