हायड्रेंजिया, माती आणि पाणी : गोवंडीतील घरबागेचा इतिहास

प्रस्तावना

घरबाग हा विषय सामान्यतः हौस, सौंदर्यदृष्टी आणि फावला वेळ या संदर्भात मांडला जातो. इतिहासलेखनात त्याला स्थान मिळालेच, तर ते राजेरजवाड्यांच्या उद्यानांपुरते किंवा वसाहतकालीन सार्वजनिक बागांपुरते मर्यादित राहते. वस्तुतः एखाद्या वस्तीत कोणते झाड जगते आणि कोणते जगत नाही, यामागे जमीन, माती व पाणी यांच्या वाटपाचा इतिहास असतो. प्रस्तुत लेखात हायड्रेंजिया या झुडपाच्या गरजा समोर ठेवून मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी परिसराच्या इतिहासाचा विचार केला आहे.

हायड्रेंजिया : परिचय व प्रवास

‘हायड्रेंजिया’ हे नाव पाणी व पात्र या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. फळाच्या घटासारख्या आकारावरून ते पडले असले, तरी पाण्यासाठी आसुसलेल्या या झुडपाला ते सर्वार्थाने शोभते. लिनियसने १७५३ साली या प्रजातीची नोंद केली, ती उत्तर अमेरिकेतील एका जातीवरून. आज बागांतून दिसणारी मोठ्या पानांची जात मात्र जपानची असून सर जोसेफ बँक्स यांच्यामार्फत ती १७८९ साली इंग्लंडमधील क्यू उद्यानात पोहोचली. ब्रिटिशांच्या बागप्रेमाबरोबर ती भारतात आली आणि उटी, दार्जिलिंग, शिमला यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी रुजली.

मुंबईतही उद्यानविद्येचे संघटित प्रयत्न जुने आहेत. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची स्थापना १८३० साली झाली. तिची शिवडी येथील बाग पुढे दफनभूमीसाठी घेण्यात आली, तर भायखळ्याचे व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजेच आजची राणीची बाग, १८६२ साली खुले झाले. बाग कोठे असावी आणि कोठून हटावी, हा निर्णय आरंभापासूनच नगरप्रशासनाचा होता, हे यावरून लक्षात येते.

गोवंडीची माती

हायड्रेंजियाच्या फुलाचा रंग हा मातीचा दाखला असतो. ज्यांना पाकळ्या समजले जाते ती वास्तविक निदले होत. माती आम्लधर्मी असल्यास तिच्यातील ॲल्युमिनियम मुळांना उपलब्ध होते आणि फूल निळे होते. माती अल्कधर्मी असल्यास ते गुलाबी राहते. हे झुडूप गोवंडीत लावावयाचे झाल्यास पहिला प्रश्न उपस्थित होतो तो असा की, येथील माती कोणती?

ठाण्याच्या खाडीलगतचा हा भाग मूळचा दलदलीचा व खाजणाचा. देवनार येथील कचराभूमी १९२७ पासून वापरात असल्याचे महापालिकेच्या नोंदी सांगतात. त्या काळी हे क्षेत्र शहराच्या हद्दीबाहेर होते. ते बृहन्मुंबईत आले १९५० साली. म्हणजे शहराचा भाग होण्यापूर्वीच या भूमीने शहराचा कचरा स्वीकारला होता. १९७१ साली येथे देवनारचा पशुवधगृह प्रकल्प सुरू झाला. १९७० च्या दशकात शिवाजीनगर ही पुनर्वसन वसाहत कचराभूमीच्या पायथ्याशी वसली. १९७६ साली जनता कॉलनीतील रहिवाशांना हलवून चीता कॅम्प येथे वसविण्यात आले. याच टापूत अणुशक्तीनगर ही आखीव, वृक्षराजीने युक्त वसाहतही उभी राहिली. दोन्ही वसाहती नियोजनातूनच निर्माण झाल्या. फरक एवढाच की, एकीच्या नियोजनात झाडांसाठी जागा होती आणि दुसरीच्या नियोजनात अंगणही नव्हते.

परिणामी पुनर्वसन वसाहतींतील घरबाग उंबरठा, खिडकीची जाळी व पत्र्याचे छप्पर यांवर सरकली. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटक्या घमेल्या याच तिच्या कुंड्या. भरावाच्या जमिनीत सिमेंट-चुन्याचा राडारोडा मिसळलेला असतो. अशा मातीत हायड्रेंजियाची पाने पिवळी पडतात. खाडीचा क्षारही त्याच्या मुळांना मानवत नाही. माती बाहेरून आणल्याखेरीज येथे हे झुडूप जगणे कठीण.

पाण्याचा प्रश्न

दुसरी गरज पाण्याची. ऊन वाढताच या झुडपाची रुंद पाने मान टाकतात आणि उन्हाळ्यात त्याला दिवसातून दोनदाही पाणी द्यावे लागते. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना अधिकृत पाणीपुरवठा न देण्याच्या शासकीय धोरणामुळे मुंबईतील असंख्य कुटुंबे नळजोडणीपासून वंचित राहिली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, घर अनधिकृत असले तरी पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. जेथे हंडाभर पाण्यासाठी न्यायालयात जावे लागते, तेथे कुंडीला पाणी घालणे ही चैन ठरते. अशा वस्तीत तुळस, कोरफड, ओवा यांसारखी थोड्या पाण्यावर तगणारी व उपयोगाची झाडे दिसतात, यात रुचीचा अभाव नसून व्यवहाराचे शहाणपण आहे.

संगोपन व खतनिर्मिती

मुंबईच्या हवेत हायड्रेंजियाला कुंडीतच वाढवावे. किमान १२ इंची कुंडी, तळाशी विटांचे तुकडे आणि त्यावर माती, पालापाचोळ्याचे खत व नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे मिश्रण त्यास मानवते. सकाळचे कोवळे ऊन व दुपारी सावली हवी. पावसाळ्यात पाण्याचा निचरा पाहावा. कळ्या सामान्यतः आदल्या हंगामातील फांद्यांवर धरतात, म्हणून छाटणी फुलोरा संपताच करावी, उशिरा करू नये. निळ्या रंगासाठी तुरटीचे अतिशय सौम्य द्रावण, तर गुलाबीसाठी किंचित चुना वापरता येतो. कळी धरण्यासाठी काही आठवड्यांचा गारवा आवश्यक असल्याने येथे ते दरवर्षी फुलेलच असे मात्र नाही.

या संगोपनाचा पाया म्हणजे खत, आणि येथेच गोवंडीच्या इतिहासाला वेगळे वळण मिळते. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ हा उपक्रम कचरावेचक स्त्रियांसाठी सुरू केला. ओल्या कचऱ्यापासून खत करण्याचे, बायोगॅस संयंत्र चालविण्याचे व बागकामाचे प्रशिक्षण त्यांना देण्यात आले. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली ‘निसर्गऋण’ संयंत्रेही या स्त्रियांनी हाताळली. ज्यांच्या दारी कुंडीपुरती माती नव्हती, त्यांनी शहराच्या बागांसाठी माती घडविली.

निष्कर्ष

गोवंडीत हायड्रेंजिया सहसा आढळत नाही, याचे कारण केवळ हवामानात शोधणे अपुरे ठरेल. त्याला लागणाऱ्या माती व पाणी या दोन्ही गोष्टी येथे शहराच्या धोरणांनी ठरविल्या. कचरा येथे आला. पाणी मात्र मागून घ्यावे लागले. कचऱ्याचे खत करण्याचे ज्ञान या वस्तीतील स्त्रियांजवळ आहे. त्या खताचा काही वाटा त्यांच्याच उंबरठ्यावरील डब्यांत पडावा, यासाठी पुनर्वसनाच्या आराखड्यात घरागणिक थोडी मोकळी जागा व पुरेसे पाणी यांची तरतूद आवश्यक आहे. नागरी इतिहासाच्या अभ्यासकांनी सार्वजनिक उद्यानांबरोबर या डब्यांचीही नोंद घेतल्यास शहराच्या वाटणीचे चित्र अधिक स्पष्ट होईल.