‘चालते’ म्हणजे काय चालते?

वाशीमला मी संगणकाचे वर्ग घेत असे. 2007 च्या जानेवारीत विंडोज विस्टा ही संगणकप्रणाली बाजारात आली, तेव्हा मी फळ्यावर तिच्या सहा आवृत्त्यांची नावं लिहिली होती: स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस, एंटरप्राइझ, अल्टिमेट. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, चालते म्हंजे सारंच चालते काय?”

हाच प्रश्न सिएटलच्या संघीय न्यायालयातही आला. 2006 पासून संगणकांवर ‘विस्टा केपेबल’, म्हणजे ‘यावर विस्टा चालते’, असं लेबल लागत होतं. त्यासाठी 512 एमबी रॅम पुरे. जाहिरातीत मात्र काचेसारख्या पारदर्शक खिडक्या दिसत, म्हणजे एअरो. आणि होम बेसिकमध्ये ती काच नव्हतीच. ती हवी तर ‘प्रीमियम रेडी’ हे वेगळं लेबल पाहायचं, 1 जीबी रॅमचं. साधं लेबल वाचणाऱ्याला हा फरक कुठून कळणार? इंटेलच्या 915 चिपसेटलाही हे लेबल मिळालं. त्यावर एअरो चालतच नव्हतं. खटल्यात मायक्रोसॉफ्टची आतली ई-पत्रं उघड झाली. 2008 मध्ये ग्राहकांना सामूहिक दाव्याची परवानगी मिळाली, 2009 मध्ये ती काढून घेतली गेली.

मला ते चुकीचं वाटलं, आजही वाटतं. ग्राहकाला समजेल तेच खरं वर्णन.

पुढे 2009 मध्ये विंडोज सेव्हन आली. तिच्या स्टार्टर आवृत्तीत पडद्यावरचं पार्श्वचित्रही बदलता येत नसे. तेव्हा मी फळ्यावर दोन रकाने आखले: काय आहे, काय नाही. दुसरा रकाना आधी भरायचा, असं मुलांना सांगितलं.