आनुवंशिकीतज्ज्ञाचे दफ्तर : मालकी आणि मुदत

कवीची पत्रे वारसांनी संग्रहालयाला दिली की मालकीचा प्रश्न बहुधा मिटतो. वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञाच्या दफ्तराचे तसे नाही. त्यात त्याच्यापेक्षा परक्यांचीच घराणी जास्त असतात.

१९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये पुढे ‘बॉम्बे’ नावाने ओळखला गेलेला रक्तगट मांडला. या गटाच्या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. लंडनचे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर सहलेखक होते. त्यांच्या रक्तगट केंद्राचे कागद वेलकम संग्रहाने जपले आहेत. पण पत्रव्यवहाराला दोन टोके असतात. इकडच्या टोकाला वाळवी लागली, तर शोधाची हकिगत तिकडूनच सांगितली जाते. म्हणून आलेल्या पत्रांइतक्याच पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती मोलाच्या. गठ्ठ्यांचा मूळ क्रम मोडू नये, गंजणाऱ्या टाचण्या काढाव्यात, पाकिटे फेकू नयेत. तारखेचा वाद पुष्कळदा टपालाच्या शिक्क्यावर मिटतो.

खरी अडचण वंशावळीच्या तक्त्यांची. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचे, नात्यातले लग्न दुहेरी रेघेने. विदर्भातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच केली होती; आता लाल कार्ड रुग्णाचे आणि पिवळे वाहकाचे, हे गावोगावी ठाऊक आहे. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. हा हिशेब निर्मळ, पण सोयरीक जुळवताना ‘वाहक’ हा शब्द मुलीच्याच वाट्याला जड जातो.

उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावाचा असा तक्ता असेल, तर नावे काळी करून काय साधणार? तीन बहिणी, धाकटीचे लग्न मामाच्या घरात, एक मुलगा लहानपणी दगावलेला : एवढ्यावर कोणीही घर ओळखेल. महानगरात पुरणारा पडदा इथे पारदर्शक ठरतो. तक्ते पत्रांपासून वेगळे मोहोरबंद ठेवावेत आणि मूळ जागी तशी चिठ्ठी लावावी. नावे व क्रमांक जुळवणारी वही तिसरीकडे असावी.

कागद बंद ठेवण्याची मुदत शास्त्रज्ञाच्या मृत्यूपासून मोजण्याचा रिवाज मला इथे गैरलागू वाटतो. ती तक्त्यावरच्या सर्वांत लहान मुलाच्या आयुष्यावरून मोजावी, कारण दोष त्याच्या पुढच्या पिढीतही उतरू शकतो. याच कारणाने कायमचे कुलूपही चुकीचे. रुग्णाच्या नातवाला उपचारासाठी आपल्या घराण्याचा तक्ता हवा असेल, तर मुदतीची वाट न पाहता समुपदेशकासमोर तो दाखवावा. मात्र त्याच तक्त्यातल्या सासरच्या मंडळींच्या नोंदी झाकून. दानपत्रावर वारसांची सही पुरेशी नाही. तक्ते कधी, कोणासाठी उघडायचे हे ठरवणाऱ्या समितीत रुग्ण-कुटुंबांतला माणूस असावा आणि त्याला नकाराधिकार असावा.