वरसईचा विष्णुभट आणि ‘टाइम्स’चा रसेल

लढाईची बातमी आणणाऱ्या माणसाचा जीव कोणाच्या भरवशावर असतो, हा प्रश्न गाझा आणि युक्रेन येथील युद्धांमुळे पुन्हा जगापुढे आला आहे. द्रोणागिरीच्या पायथ्याशी बसून त्याचा विचार करताना तो फार दूरचा वाटतो. पण या डोंगरावरून पूर्वेकडे नजर टाकली, खाडी आणि पेणची मिठागरे मनाने ओलांडली, की वरसई नावाचे एक गाव लागते. त्या गावच्या एका दरिद्री भिक्षुकाने १८५८ सालची झाशी डोळ्यांनी पाहिली आणि मराठीत लिहून ठेवली. विष्णुभट गोडसे त्याचे नाव. त्याच वर्षी, त्याच युद्धात, लंडनच्या ‘टाइम्स’चा विल्यम हॉवर्ड रसेल हा बातमीदारही हिंदुस्थानात हिंडत होता. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. कामगारांच्या सभा, कज्जे आणि करारनामे यांत आमचे आयुष्य गेले, आणि वाचन झाले ते रात्री. म्हणून या दोन माणसांकडे आम्ही पाहतो तेही कामगाराच्या नजरेने: काम एकच, जोखीम एकच, पण पाठीशी कोण होते?

आधी थोडे तंबाखूविषयी बोलले पाहिजे. हे विषयांतर नव्हे. आमच्या व्यवसायात एक गोष्ट लवकर कळते. कारखान्यात काय शिजते आहे ते सूचनाफलकावर कळत नाही, फाटकाबाहेरच्या पानटपरीवर कळते. इथे द्रोणागिरीत कंटेनरच्या गोदामांबाहेर ट्रकवाले रांगेत उभे असतात. त्यांच्यातला एक काडी मागतो, दुसरा पुढे करतो, आणि दोन झुरक्यांत कोणत्या ठेकेदाराने कोणाची मजुरी थकविली याची खबर मिळते. विडी छातीला वाईट खरी, आणि ती वळणारीच्या बोटांना व फुफ्फुसांनाही वाईट. परंतु विडीभोवतीच्या गप्पा हे जगातले फार जुने वृत्तपत्र आहे. तंबाखू मोगल दरबारी पोचली तीही आपल्या दक्षिणेतून. अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतताना ती घेऊन गेला, आणि बादशहापुढे रत्नजडित हुक्का ठेवल्याची हकीकत त्यानेच लिहिली. ओढणे आणि हकीकत सांगणे यांची सोबत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

रसेलचेही तसेच होते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर त्याला पाठविले तेव्हा लष्कराने त्याला ना तंबू दिला, ना शिधा. सेनापती लॉर्ड रॅग्लन त्याच्याशी बोलत नसे. मग रसेल अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या शेकोटीशी जाऊन बसू लागला. हा मनुष्य गाणे छान म्हणतो, कोणाचीही ब्रँडी पितो आणि कोणाचेही चिरूट ओढतो, अशा आशयाची तक्रार एका लष्करी माणसाने घरी लिहिलेल्या पत्रात आहे. आम्हांला ती तक्रार फार मोलाची वाटते. ज्या चिरुटाचा त्या लिहिणाऱ्याला राग आला, त्याच चिरुटाच्या धुरात रसेलला सैन्याच्या हालाची, पटकीची आणि गलथान कारभाराची बातमी मिळाली. ती छापली गेल्यावर विलायतेतले मंत्रिमंडळ गडगडण्यास तीही एक कारण झाली. याच युद्धात इंग्रज शिपाई तुर्कांकडून कागदात तंबाखू गुंडाळून ओढण्यास शिकले, असे सांगतात.

हिंदुस्थानात तो आला तेव्हा त्याचे नाव झाले होते. १८५८ च्या आरंभी तो कलकत्त्यास उतरला आणि सर कॉलिन कँपबेलच्या मुख्य छावणीतच त्याची सोय झाली. मार्चमध्ये लखनौ पडले ते त्याने जवळून पाहिले. त्याला धोका नव्हता असे मात्र कोणी समजू नये. घोड्याची लाथ बसून तो जायबंदी झाला, त्याला डोलीतून न्यावे लागले, आणि मे महिन्यात बरेलीजवळ स्वारांची टोळी डोलीवर चालून आली तेव्हा तो अर्धवट उघड्या अंगाने घोड्यावर चढून कसाबसा वाचला. पण वाचल्यावर औषध द्यायला डॉक्टर होता, झोपायला तंबू होता, लिहिलेले पत्र लंडनास पोचविणारी डाक होती आणि घरी पगार चालू होता. एवढे पाठबळ असल्यामुळेच, सरसकट फाशी देणाऱ्या आपल्याच लोकांविरुद्ध तो निर्भीडपणे लिहू शकला.

आता विष्णुभटाकडे पाहा. घरावर कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, एवढ्या आशेवर १८५७ साली तो काकांबरोबर वरसईहून पायी निघाला. महूच्या वाटेवर शिपायांची गाठ पडली आणि काडतुसांचे प्रकरण त्याने त्यांच्याच तोंडून ऐकले. शहाणा मनुष्य असता तर तेथूनच मागे फिरता. हे दोघे पुढे गेले आणि फिरत फिरत झाशीस पोचले. इकडे रसेल लखनौस कँपबेलच्या छावणीत होता, त्याच मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या तोफा झाशीच्या कोटावर चालत होत्या आणि वरसईचा हा भिक्षुक कोटाच्या आत होता. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. पुढच्या कत्तलीत जीव मुठीत धरून तो लपून राहिला. लूट कशी झाली ते त्याने एखाद्या कारकुनाप्रमाणे क्रमवार सांगितले आहे: आधी सोनेरुपे, आणि शेवटी शेवटी लोकांच्या घरातले धान्यसुद्धा. त्याची स्वतःची कमाईही गेली. पेशव्यांच्या मुलखातला ब्राह्मण म्हणजे तर त्या वेळी उत्तरेत आपोआप संशयित. त्याच्याजवळ परवाना नव्हता, तंबू नव्हता, आणि चिरूट पुढे करणारा कोणी अधिकारी नव्हता. घरी परतला तेव्हा गंगेची कावड आणली, दक्षिणेच्या पैशाचे नाव नको.

तेव्हा आपली मराठी वृत्तपत्रे काय करीत होती, असे कोणी विचारील. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होता. पण जून १८५७ मध्ये लॉर्ड कॅनिंगने छापखान्यांना परवान्याच्या दाव्याने बांधून टाकले. झाशीस वार्ताहर धाडण्याइतका पैसा कोणाकडे होता? आणि धाडला असता तरी त्याचे लिहिलेले छापले कोणी असते? विष्णुभटाने आपली हकीकत लिहिली ती १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि तीही मोडीत. छापली गेली १९०७ साली, विष्णुभटाच्या मागे, आणि तीसुद्धा वैद्यांनी जपून फेरफार केलेली. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी वाचकांपुढे ठेवला तेव्हा १९६६ साल उजाडले होते. रसेलची बातमी काही आठवड्यांत पार्लमेंटपुढे गेली. विष्णुभटाची पुस्तकरूपाने यायला ४९ वर्षे लागली आणि जशीच्या तशी यायला आणखी ५९. मधल्या काळात स्मरणाचे दोष शिरले. तारखा चुकल्या म्हणून आज विद्वान त्याला कोपरखळ्या मारतात. आम्हांला ते कठोर वाटते. पाठीशी कोणी नसलेल्या माणसाची साक्ष उशिराच येते, आणि थोडी मोडूनतोडूनच येते.

पुढे कायदे झाले. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार सैन्याबरोबर अधिकृतपणे हिंडणारा वार्ताहर पकडला गेला तर त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. १९७७ च्या पुरवणी करारातील ७९ व्या कलमाने धोक्याच्या कामावरील प्रत्येक पत्रकाराला नागरिक मानून संरक्षण दिले. भारताने हा पुरवणी करार स्वीकारलेला नाही. पहिले कलम रसेलच्या जातीचे आणि दुसरे विष्णुभटाच्या जातीचे, असे आम्ही मनाशी धरतो. परंतु कागदावरचे कलम गोळी अडवीत नाही. तंबूही नेहमी अडवतोच असे नाही: रॉयटर्सचा छायाचित्रकार दानिश सिद्दिकी जुलै २०२१ मध्ये स्पिन बोल्दक येथे मारला गेला तेव्हा तो अफगाण सैन्याच्या तुकडीबरोबरच होता. आणि गाझात ऑक्टोबर २०२३ पासून दीडशेच्या वर पत्रकार मारले गेले, ते बहुतेक सारे तेथलेच रहिवासी. परदेशी बातमीदारांना स्वतंत्रपणे आत जाण्यास इस्रायलने मज्जाव केला. म्हणून जगाने जे पाहिले ते या तेथल्या लोकांच्या डोळ्यांनी पाहिले. त्यांचे घर तेच आणि रणांगणही तेच.

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत एक समजूत होती, की एका काडीवर तिघांनी सिगारेट पेटवू नये. पहिल्याच्या उजेडाने शत्रूला जागा कळते, दुसऱ्याला नेम धरता येतो, तिसऱ्याला गोळी लागते. बातमीच्या धंद्यात हा तिसरा बहुधा गावचा वार्ताहर असतो. त्याला पगार नसतो, जाहिरातीचे कमिशन असते. पुष्कळदा हजेरीपटावर नावच नसते, मग विमा कुठला! श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला तेव्हा कार्यालयात बसणाऱ्यांना कामाचे तास आणि ग्रॅच्युइटी मिळाली, आणि ती संघटनेच्या बळावर मिळाली हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी बाहेरच राहिला.

आणि त्याच्यावर संकट यायला रणगाडे लागत नाहीत. जानेवारी १९८४ मध्ये बंदरासाठी घेतलेल्या जमिनीच्या भावावरून याच उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि ५ शेतकरी पडले. जमिनीचा भाव ठरतो तिथे खऱ्या बातमीलाही भाव येतो, आणि ती लिहिणाऱ्याच्या जिवाचा भाव उतरतो. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ साली मंजूर केला. त्यानंतर ६ वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, याच कोकणात, राजापुरास, शशिकांत वारीशे या वार्ताहराला दुचाकीवर असताना भरधाव गाडीने चिरडले. बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या जमिनींविषयी ते लिहीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

वारीशे यांच्या नावाने राज्यभर निषेधाच्या सभा झाल्या आणि निवेदने दिली गेली. आम्ही कामगार चळवळीतले लोक अशा वेळी आणखी एक गोष्ट मागतो. ज्या पत्राने बातमी घेतली, त्याने वार्ताहराचे नाव नेमणुकीच्या कागदावर घालावे, विम्याचा हप्ता स्वतः भरावा, आणि धमकी आली तर पोलीस ठाण्याची पायरी त्याच्याबरोबर संपादकानेही चढावी. फाटकावर गेटमीटिंग घेताना जे कंत्राटी हमालासाठी मागतो, तेच हे. विष्णुभटाला वरसईहून निघताना यातले काहीच मिळाले नव्हते. काकांची सोबत तेवढी होती.