पहिली रांग पाण्यात

मे महिन्यातली दुपार, साल २०१६. न्यू ऑर्लीन्समध्ये बायू सेंट जॉनच्या काठी तुम्ही चपला काढून गवतावर बसला आहात. पाणी कोकणातल्या खाडीसारखं, वाहतंय की थांबलंय ते पटकन कळत नाही. वस्तीचा उत्सव आहे, नाव बायू बूगलू. तिकीट नाही. आपल्याकडे फुकटच्या कार्यक्रमात पहिली रांग पुढाऱ्यांची. इथली पहिली रांग पाण्यात आहे. होड्या, हवा भरलेल्या गाद्या, पिंपांवर फळ्या ठोकून केलेले तराफे. सूसाफोन अंगाभोवती वेटाळलेला वादक खर्ज लावतो, तो कानांआधी बरगड्यांना कळतो. तुमच्या हातात मसाल्यात उकडलेली क्रॉफिश, बोटाएवढी शेवंडच म्हणा. शेपूट मुरगळून सोलायची, डोकं चोखायचं. बोटं चुरचुरतात.

कतरिना वादळात, २००५च्या ऑगस्टमध्ये, बांध फुटून शहराचा ८० टक्के भाग बुडाला होता. घरांच्या भिंतींवर पुराची रेघ तशीच असताना, दुसऱ्याच वर्षी, हा उत्सव सुरू झाला.

हात पुसा, उठा. काठापासून जुन्या शहराकडे सायकलवाल्यांसाठी केलेली एक हिरवी वाट जाते. शहरात इतकी सरळ वाट दिसली की समजावं, इथे कधीतरी रूळ होते किंवा पाणी. इथे दोन्ही होतं. चालू लागा. मागचं वादन विरत जातं, डांबर संपतं, पायांना चिखल लागतो. आता साधारण १९०० साल, आणि शेजारी कॅरोन्डेलेट कालवा, अजून बुजवलेला नाही. लाकूड-विटांनी भरलेली गलबतं येतायत. उजव्या हाताला स्टोरीव्हिल, शहराची बदनाम वस्ती. खिडकीतून पियानो ऐकू येतो. रेंगाळू नका. गलबतं वळवायला खोदलेला तलाव लागला, ज्याच्यावरून बेसिन स्ट्रीटला नाव मिळालं, की डावीकडे वळा.

लाकडी जमिनीवर घोडे नाचवावेत तसा आवाज येतो. आता २१ फेब्रुवारी १८१९, रविवार. तुमच्या आधी एक गोरा गृहस्थ इथे पोचलाय: वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा वास्तुकार बेंजामिन लट्रोब. त्यालाही आधी घोडेच वाटले होते. मोकळ्या मैदानात पाच-सहाशे काळी माणसं, लहान लहान रिंगणं करून. एका रिंगणात दोन बायका एकेक जाडाभरडा रुमाल टोकांना धरून नाचतायत, पाय जेमतेम हलवत. एक म्हातारा ढोलावर घोड्यासारखी मांड टाकून बसलाय. तळहाताची कड आणि बोटं, एवढ्यावरच वाजवतोय. दुसऱ्याकडे भोपळ्याचं तंतुवाद्य, त्याच्या दांडीच्या टोकाला कोरलेला बसलेला माणूस. भोपळा पाहून तुम्हाला आपला तंबोरा आठवतो. लट्रोब ही वाद्यं वहीत रेखाटून घेतो. ती चित्रं आजही आहेत.

यातले बहुतेक गुलाम आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी तो कालवा खोदायलाही गुलाम आणि कैदीच जुंपले होते. तिकडे काठावर प्रवेश मोफत होता. इथे मोकळा आहे तो फक्त रविवार. तोही अख्खा नाही. १८१७च्या हुकुमाप्रमाणे नाच ठरल्या जागीच, आणि सूर्यास्तापर्यंतच.

ऊन पिवळं झालंय. म्हातारा मान वळवून मावळतीकडे, बायूच्या दिशेला, एकदा बघून घेतो आणि लय वाढवतो.