‘सीरिएटिम’: एका क्रियाविशेषणाची कुळकथा

‘सीरिएटिम’ हे इंग्रजी क्रियाविशेषण कायदेग्रंथ व सभांची कार्यवृत्ते यांबाहेर क्वचितच आढळते. ‘एकामागून एक, ओळीने’ असा त्याचा अर्थ. ते लॅटिनोद्भव आहे हे उघड आहे. परंतु एवढ्याने व्युत्पत्तीचा प्रश्न सुटत नाही. ते कोणत्या काळच्या लॅटिनातून आले, हे पाहणे अगत्याचे आहे.

शब्दाचा पूर्वांश प्राचीन आहे. ‘सेरेरे’ म्हणजे ओवणे, जोडणे. त्यापासून ‘सेरिएस’ म्हणजे मालिका. तथापि ‘क्रमाने’ या अर्थी अभिजात लॅटिनात ‘ऑर्दिने’, ‘देइंकेप्स’ असे शब्द योजीत. ‘सेरिआतिम’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनातील होय.

उत्तरांशाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. ‘पार्तिम’ (अंशतः) हे मूळचे ‘पार्स’ (भाग) या नामाचे जुने द्वितीयान्त रूप. पुढे द्वितीयेत ‘पार्तेम’ हे रूप रूढ झाले व जुने रूप क्रियाविशेषण म्हणून गोठून राहिले. त्यातील विभक्तीची जाणीव लोपताच ‘-तिम’ हा स्वतंत्र प्रत्यय भासू लागला. ‘सेपारातिम’ (वेगवेगळे) यातील ‘आ’ वस्तुतः क्रियापदाच्या अंगाचा. पण तोही प्रत्ययात ओढला गेला आणि ‘ग्रादुस’ (पायरी) या नामापासून ‘ग्रादातिम’ (पायरीपायरीने) हे रूप सिद्ध झाले. याच साच्यावर मध्ययुगात ‘वेर्बातिम’ (शब्दशः) आणि ‘सेरिआतिम’ घडले. सतराव्या शतकात ‘सेरिआतिम’ने इंग्रजीत प्रवेश केला.

‘क्रमशः’, ‘अक्षरशः’ यांतील पाणिनीने तद्धितांत सांगितलेल्या ‘शस्’ प्रत्ययाचे येथे स्मरण होईल. मात्र हे साम्य कार्याचे आहे, कुळाचे नाही.

इंग्रजीत या शब्दाला राजकीय महत्त्वही लाभले. प्रत्येक न्यायाधीशाने आपले मत ओळीने स्वतंत्रपणे देण्याच्या पद्धतीस तेथे हेच विशेषण लागले. म्हणजे क्रियाविशेषण विशेषणही बनले. अमेरिकेत 1801 मध्ये जॉन मार्शल सरन्यायाधीश झाले आणि त्या पद्धतीऐवजी न्यायालयाचे एकच निर्णयपत्र देण्याचा प्रघात दृढ झाला. 1822 मध्ये टॉमस जेफर्सन यांनी न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांना लिहिलेल्या पत्रात जुन्या पद्धतीचा पुरस्कार केला. प्रत्येक न्यायाधीशाचे उत्तरदायित्व त्यामुळे प्रकट राहते, अशी त्यांची भूमिका होती.

एका विस्मृत विभक्तीचा अवशेष असा न्यायदानाच्या वादापर्यंत पोहोचला. म्हणून व्युत्पत्ती सांगताना मूळ भाषेचे नाव पुरेसे नसते. प्रत्यय कसा उपजला व शब्द कोणत्या काळी घडला, हेही सांगावे लागते.